ऑफसाइडवर चिडायचंच असेल, तर योग्य जागी चिडा

फुटबॉलमधल्या ऑफसाइडबद्दल तुमचा प्रश्न असा आहे: बाहीच्या शिवणीएवढ्या फरकाने गोल रद्द होतो, आणि दुसऱ्या एखाद्या सामन्यात चांगला दोन मीटर पुढे असलेला खेळाडू चेंडूमागे पळत राहतो, तरी गोल मान्य होतो. मग हा नियम आहे तरी काय? आणि डोक्याला एवढा ताप असेल तर काढून का टाकत नाहीत?

यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. बाहीची तक्रार मोजमापाची आहे, चेंडूमागे पळणाऱ्याची तक्रार पंचाच्या मताची. पडद्यावर रेषा दिसते म्हणून लोक पहिलीवर जास्त चिडतात. प्रत्यक्षात नियमाचा रेषेचा भाग बराच स्वच्छ आहे. घोळ दुसऱ्या भागात आहे, आणि तिथली चीड रास्त आहे.

आधी जागेचं बघू. सहकाऱ्याचा चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी तुमचं डोकं, धड किंवा पाय यांतला कुठलाही भाग प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असेल, चेंडूच्या पुढे असेल आणि प्रतिस्पर्धी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तुम्ही ऑफसाइड जागेत आहात. तिन्ही अटी एकाच वेळी लागू व्हायला हव्यात. मधली रेषा कुणाच्याच अर्ध्यात धरत नाहीत, त्यामुळे तिच्यावर उभा असलेला सुटतो. बरोबरीत असलेला ऑनसाइड. ही सवलत १९९०मध्ये आली, त्याआधी बरोबरीत असलेलाही अडकायचा. चेंडू तुमच्या पुढे असेल, म्हणजे सहकारी गोलरेषेपर्यंत जाऊन मागे पास देत असेल, तर बचावपटू कुठेही असोत, प्रश्नच मिटला.

हात मोजत नाहीत, गोलकीपरचेही नाहीत. पण हात कुठून सुरू होतो? नियमानुसार बगलेच्या तळाच्या पातळीपासून. त्याच्या वरचा खांदा मोजला जातो, कारण खांद्याने केलेला गोल वैध असतो. ७ नोव्हेंबर २०२०ला लीड्स या इंग्लिश संघाच्या पॅट्रिक बॅमफर्डचा क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा गोल दंडाच्या वरच्या भागावरून रद्द झाला. पास कुठे हवा ते दाखवायला त्याने हात पुढे केला होता, म्हणून ते चित्र जास्तच हास्यास्पद दिसलं. रेषा कुठेतरी आखावीच लागते हे खरं, पण इथली रेषा शरीराच्या सर्वांत अस्पष्ट भागावर आखली आहे, हेही तितकंच खरं.

'शेवटून दुसरा' हे शब्द नीट वाचा. नियमात 'गोलकीपर आणि एक बचावपटू' असं कुठेही म्हटलेलं नाही. गोलकीपर बहुतेक वेळा शेवटचा असतो एवढंच. २० नोव्हेंबर २०२२ला कतारमधल्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इक्वेडोरच्या एनेर व्हॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटाचा गोल रद्द झाला, तेव्हा जगभर लोक म्हणाले, "मागे बचावपटू दिसतोय की!" दिसत होता, पण एकच. कतारचा गोलकीपर चेंडूसाठी पुढे झेपावला होता, त्यामुळे शेवटून दुसरा कोण हा हिशेबच बदलला, आणि इक्वेडोरच्या मिखाएल एस्त्रादाचा पाय त्याच्या पुढे निघाला. गोलकीपर जागा सोडून बाहेर आला की आधी मागे उरलेले मोजायचे, मग ओरडायचं.

गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. कॉर्नरवर पहिल्याने हेडर मारला की त्या क्षणापासून नवीन मोजणी सुरू. फ्री किकला मात्र सूट नाही.

आता स्टँडमध्ये सर्वाधिक होणारी चूक. मोजणी पास निघण्याच्या क्षणाची असते, पास पोहोचण्याच्या क्षणाची नव्हे. तीस मीटरच्या उंच पासला पोहोचायला साधारण दीड सेकंद लागतो. स्ट्रायकर सेकंदाला सात-आठ मीटर धावतो. म्हणजे पास निघताना बचावपटूच्या मागे असलेला गडी चेंडू पायात घेताना त्याच्या दहा मीटर पुढे असू शकतो, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. उलटंही घडतं. पास निघताना पुढे असलेला खेळाडू मागे पळत येऊन, अगदी स्वतःच्या अर्ध्यात शिरून चेंडू घेतो. तो ऑफसाइडच. इनडायरेक्ट फ्री किक त्याने जिथे चेंडूला हात घातला, म्हणजे पाय लावला, तिथून मिळते, ती जागा त्याच्याच अर्ध्यात असली तरी. हे पाहून प्रेक्षक हमखास पंचाला वेड्यात काढतात.

पास निघाला म्हणजे नेमकं कधी? पायाचा चेंडूला पहिला स्पर्श झाला तेव्हा; पायापासून सुटला तेव्हा नाही. गोलकीपरने हाताने फेकला असेल तर मात्र आता हातातून सुटण्याचा क्षण धरतात, कारण तिथे चेंडू बराच वेळ हातात असतो.

दुसरी चूक डोळ्याची आहे, आणि ती घरी बसलेल्यांचीही होते. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मधल्या रेषेवर, उंच असतो. तिथून पेनल्टी क्षेत्राकडे पाहिलं की गोलरेषेला समांतर असलेल्या सगळ्या रेषा पडद्यावर तिरप्या दिसतात. त्यांचं पलीकडचं टोक मैदानाच्या मध्याकडे झुकतं. परिणाम असा की कॅमेऱ्याच्या बाजूचा खेळाडू असतो त्यापेक्षा पुढे वाटतो आणि पलीकडच्या टचलाइनजवळचा (मैदानाच्या लांबीकडच्या रेषेजवळचा) असतो त्यापेक्षा मागे. पडद्यावर बोट उभं धरून निकाल देऊ नका. गवत पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं असतं, त्या पट्ट्यांची कड बघा. ती जवळजवळ नेहमी गोलरेषेला समांतर असते.

लाइनमनची, म्हणजे कडेला झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक पंचाची, अडचण हीच, फक्त त्याला पुनःप्रक्षेपण नसतं. गणित सोपं आहे. समजा तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असायला हवा होता, पण गोलरेषेकडे एक मीटर पुढे गेला. बचावपटू त्याच्यापासून २० मीटरवर आणि आक्रमक पलीकडच्या बाजूला ३० मीटरवर आहे. आता त्याच्या नजरेची रेषा बचावपटूवरून तिरपी जाते आणि आक्रमकाच्या ठिकाणी खऱ्या रेषेपेक्षा अर्धा मीटर मागे पडते. म्हणजे अर्धा मीटर ऑनसाइड असलेला आक्रमक त्याला बरोबरीत दिसतो, आणि ४० सेंटिमीटर ऑनसाइड असलेला सरळ ऑफसाइड! आक्रमक बचावपटूपेक्षा अलीकडे, १० मीटरवर असता तर उलटी चूक झाली असती: अर्धा मीटर पुढे असलेलाही सुटला असता. लाइनमन मागे राहिला तर दोन्ही चुका अदलाबदल करतात. त्यामुळे वाईट निर्णयांत पक्षपात शोधण्याआधी झेंडेवाल्याचे पाय कुठे होते ते पाहावं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

यात वेळेची भर पडते. आक्रमक सेकंदाला सात मीटरने पुढे येतोय आणि बचावपटू तीन मीटरने उलट्या दिशेला सरकतोय, तर दोघांतलं अंतर सेकंदाला दहा मीटरने बदलतं. पास मारणाऱ्यावरची नजर उचलून रेषेवर आणायला दशांश सेकंद गेला, तर एक मीटरची चूक तयार. शिवाय मेंदूचा एक खोडसाळपणा आहे: अचानक काही घडलं की त्या क्षणी वेगात धावणारी वस्तू आपल्याला असते त्यापेक्षा पुढे भासते. धावणारा नेहमी आक्रमक असल्यामुळे हा भास झेंडा वर करण्याच्या बाजूनेच ओढतो. 'शंका असेल तर झेंडा खाली' ही शिकवण नुसत्या आक्रमणप्रेमापोटी आलेली नाही. या ओढीवरचा तो उतारा आहे.

मग व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचाचा निर्णय तपासण्याची सोय) आलं, तरी चीड का गेली नाही? कारण त्यालाही मर्यादा आहेत, पण दाखवताना त्या दिसत नाहीत. सेकंदाला ५० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंद जातात. वरच्याच हिशेबाने तेवढ्यात अंतर २० सेंटिमीटरने बदलतं. पायाचा पहिला स्पर्श या चित्रात की पुढच्या, हे माणूस ठरवणार आणि मग नखाएवढ्या फरकाने रेषा ओढणार! या पद्धतीवरची टीका मला पटते. कतारच्या विश्वचषकात यावर बरंच काम झालं होतं: छताखाली १२ खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे, आणि चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर. मुख्य फायदा चेंडूतल्या सेन्सरचा, कारण लाथेचा क्षण आता चित्रातून शोधावा लागत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ऑफसाइड मोजण्याची अर्धस्वयंचलित पद्धत १२ एप्रिल २०२५पासून सुरू केली आणि आक्रमकाच्या बाजूने ५ सेंटिमीटरची सूट कायम ठेवली. ही सूट म्हणजे मोजमापात त्रुटी असते याची प्रामाणिक कबुली आहे, आणि ती सगळ्या स्पर्धांत असायला हवी.

काही लोक आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्या प्रस्तावाचा आधार घेतात: आक्रमकाचं पूर्ण शरीर पुढे असेल, मध्ये उजेड दिसत असेल, तरच ऑफसाइड. गोल वाढतील, हे नक्की. पण सेंटिमीटरची भांडणं मिटणार नाहीत. आज छातीच्या पुढच्या कडेवर जे भांडण होतं ते उद्या टाचेच्या मागच्या कडेवर होईल. आणि बचावपटूंना एवढी जागा द्यायची नसेल तर ते आणखी मागे जाऊन बसतील, हा धोका वेगळाच.

२०२३च्या सप्टेंबरातला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना मात्र ऑफसाइडच्या माथी मारू नये. लिव्हरपूलसाठी गोल मारणारा लुइस डियाझ ऑनसाइड होता, व्हीएआरच्या खोलीत रेषाही बरोबर ओढली गेली. पण मैदानावरचा निर्णय 'गोल' आहे अशा समजुतीत खोलीतून 'तपासणी पूर्ण' असा निरोप गेला, आणि मैदानावर तर झेंडा वर होता! खेळ पुन्हा सुरू झाला आणि मागे जाण्याची वाट बंद झाली. नियम बरोबर, मोजमाप बरोबर, निरोप चुकला. लिव्हरपूल २-१ हरलं.

काढूनच टाका म्हणणाऱ्यांनी १९२५ पाहावं. १८६३च्या मूळ नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी बाद धरला जायचा, रग्बीसारखं. १८६६मध्ये 'पुढे तीन प्रतिस्पर्धी हवेत' अशी सूट आली. ती जवळपास साठ वर्षं टिकली, आणि मग न्यूकासलच्या बिल मॅक्रॅकनसारख्या बचावपटूंनी तिचा सापळा (एकदम पुढे सरकून आक्रमकाला ऑफसाइडमध्ये अडकवण्याची युक्ती) इतका पक्का केला की खेळ मधल्या रेषेभोवतीच्या अरुंद पट्ट्यात अडकला. सापळा फसला तरी मागे एक बचावपटू आणि गोलकीपर शिल्लक असायचे, मग धोका कसला? १९२५मध्ये तीनाचे दोन झाले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते, त्या मोसमात ६,३७३. एक आकडा बदलला आणि खेळाची मांडणीच बदलली. प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनलने मधल्या हाफबॅकला मागे ओढून बचावात तिसरा माणूस उभा केला, तो याच बदलाला दिलेला जवाब. नियम पूर्ण काढला तर एक उंच गडी कायम गोलकीपरच्या नाकासमोर उभा राहील, त्याला धरायला एक बचावपटू कायम तिथेच अडकेल, आणि मधलं मैदान ओलांडायला उंच चेंडूशिवाय दुसरं कुणी काही वापरणार नाही. फुटसालमध्ये ऑफसाइड नाही, आपल्या पाच-पाचच्या टर्फवरही सहसा खेळत नाहीत, आणि तिथे चालतं, कारण अख्खं मैदानच वीस-चाळीस मीटरचं असतं. शंभर मीटरवर ते चालत नाही.

आता खऱ्या घोळाकडे. ऑफसाइड जागेत असणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो चेंडू खेळल्यावर, प्रतिस्पर्ध्याला अडथळा केल्यावर किंवा त्या जागेचा फायदा उठवल्यावर. चेंडू खेळणं सरळ आहे: स्पर्श केला, संपलं. फायदा म्हणजे खांब, आडवी दांडी, पंच किंवा प्रतिस्पर्धी यांना लागून उडालेला, किंवा गोलकीपरने अडवलेला चेंडू आधीपासून पुढे उभा असलेल्याने खेळणं. गोलकीपरने अडवला म्हणजे मोजणी नव्याने सुरू होते असा अनेकांचा गैरसमज आहे. होत नाही. गोलरेषेवर बचावपटूने पायाने किंवा छातीने वाचवलेल्या चेंडूलाही हेच लागू.

अडथळ्याचं कलम मात्र मतावर चालतं. नियमात चार गोष्टी आहेत: प्रतिस्पर्ध्याच्या नजरेच्या रेषेत स्पष्टपणे आड येणं, त्याच्याशी चेंडूसाठी झुंजणं, जवळचा चेंडू खेळण्याचा उघड प्रयत्न करून त्याच्यावर परिणाम करणं, आणि अशी उघड हालचाल करणं की चेंडू खेळण्याच्या त्याच्या क्षमतेवर स्पष्ट परिणाम होईल. 'स्पष्ट' आणि 'उघड' हे दोन शब्द जितकी भांडणं लावतात तितकी कुठल्याही रेषेने लावलेली नाहीत.

१४ जानेवारी २०२३, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड ऑफसाइड जागेत. पास त्याच्याकडे आला, तो चेंडूच्या मागे, जवळजवळ त्याच्यावर वाकून धावला, पण पाय लावला नाही. मागून ब्रुनो फर्नांडिस आला आणि गोल मारला. झेंडा वर गेला होता, पंचाने तो बाजूला ठेवून गोल दिला. युनायटेड २-१ जिंकलं. गोल देण्यामागचा तर्क असा: रॅशफर्डने कुणाला अडवलं नाही, कुणाशी झुंजला नाही, सिटीचे बचावपटू चेंडूपर्यंत पोहोचण्याच्या स्थितीत नव्हते. कागदावर हे बसवता येतं. पण मैदानावर खेळलेला कुणीही सांगेल की बचावपटू आणि गोलकीपर रॅशफर्ड मारणार हे धरूनच जागा घेत होते. तो तिथे नसता तर गोलकीपर वेगळा उभा राहिला असता. माझ्या मते वरच्या चारांतली चौथी गोष्ट याच प्रसंगासाठी आहे आणि तिथे ती वापरायला हवी होती. तुमच्या प्रश्नातला चेंडूमागे पळणारा बहुधा हाच.

सातत्याचा अभाव पाहायचा असेल तर वुल्व्ह्ज या इंग्लिश संघाचे दोन सामने शेजारी ठेवा. एप्रिल २०२४मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध शेवटच्या क्षणी मॅक्स किलमनने हेडरने केलेला बरोबरीचा गोल रद्द झाला, कारण सहकारी चिरेवा गोलकीपरच्या समोर, नजरेच्या आड उभा होता. ऑक्टोबर २०२४मध्ये सिटीच्या जॉन स्टोन्सने वुल्व्ह्जविरुद्ध शेवटच्या मिनिटांत तसाच कॉर्नरवरून गोल केला. बर्नार्डो सिल्व्हा गोलकीपरला खेटून उभा होता. आधी ऑफसाइड दिला गेला, मग पंचाने पडद्यावर पाहून गोल दिला: हेडर लागला त्या क्षणी सिल्व्हा बाजूला सरकला होता, नजर मोकळी होती. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही निर्णय उभे राहतात, कारण प्रश्न हेडरच्या क्षणाचा आहे, त्याआधीच्या ढकलाढकलीचा नाही. पण दोन्ही वेळा नुकसान एकाच संघाचं झालं, तर 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द कुणाच्या घशाखाली उतरणार? २०२४च्या जूनमध्ये व्हीएआर बंद करण्याचा ठराव वुल्व्ह्जने मांडला होता आणि तो १९ विरुद्ध १ असा पडला, हे इथे आठवतंच.

दुसरं मताचं कलम म्हणजे 'मुद्दाम खेळणं'. बचावपटूने चेंडू मुद्दाम खेळला की पुढे उभा असलेला आक्रमक सुटतो. चेंडू नुसता लागून उडाला तर सुटत नाही. १० ऑक्टोबर २०२१ला नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापेचा विजयी गोल यावरच टिकला. स्पेनच्या एरिक गार्सियाने पाय ताणून पास अडवायचा प्रयत्न केला, चेंडूला निसटता स्पर्श झाला, आणि मागे ऑफसाइड उभा असलेला एम्बापे कायदेशीर झाला. म्हणजे गार्सियाने काहीच केलं नसतं तर झेंडा वर गेला असता! काम करणाऱ्याला शिक्षा देणारा असा अर्थ कुणाच्याच पचनी पडला नाही. जुलै २०२२मध्ये नियमकर्त्या आयफॅबने खुलासा केला. आता पाहायचं ते असं: चेंडू लांबून आला होता का आणि स्पष्ट दिसत होता का, वेग कमी होता का, दिशा अपेक्षित होती का, शरीर सावरायला वेळ होता का, आणि चेंडू जमिनीवरून आला की हवेतून. या गोष्टी बचावपटूच्या बाजूने असतील आणि त्याला पास देणं, ताबा घेणं किंवा चेंडू दूर मारणं शक्य असेल, तरच 'मुद्दाम'. मग त्याने ते वाईट केलं तरी चालेल. ताणलेल्या पायाचा, उडी मारून केसांना घासलेल्या चेंडूचा स्पर्श आता सहसा धरत नाहीत. गार्सियाचा तो स्पर्श आजच्या निकषांत बसवणं अवघड आहे. इथे नियम सुधारला, हे मान्य करायला हवं.

मैदानाबाहेर गेलेला बचावपटू मोजतात का, हा प्रश्न वारंवार येतो. पंचाच्या परवानगीशिवाय बाहेर गेलेला गोलरेषेवर किंवा टचलाइनवर आहे असंच धरतात. युरो २००८मध्ये इटलीचा पानुची गोलरेषेबाहेर पडलेला होता आणि व्हान निस्टलरॉयने नेदरलँड्ससाठी गोल केला. अर्धं जग ओरडलं, निर्णय बरोबर होता. नाहीतर बचावपटू रेषेबाहेर पाय टाकून कुणालाही ऑफसाइड करू शकला असता.

आणखी एक रास्त चीड: उशिरा वर होणारा झेंडा. गोलची थेट संधी असेल तर लाइनमनने चाल संपेपर्यंत थांबायचं, कारण खेळ आधीच थांबवला तर व्हीएआर तो परत आणू शकत नाही. पण मधल्या काळात खेळाडू जिवावर उदार होऊन धावत असतात. ११ मे २०२५ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी अशाच एका चालीत खांबावर आदळला आणि पोटाच्या गंभीर दुखापतीसाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. ती चाल सुरुवातीलाच ऑफसाइड होती. थांबायचं ते खरोखर शंका असेल तेव्हाच. दोन मीटर पुढे असलेल्यासाठी थांबण्यात काहीच शहाणपण नाही.

आपल्याकडे यातला व्हीएआरचा सगळा भाग बाद. इंडियन सुपर लीगमध्येही २०२४-२५पर्यंत व्हीएआर नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा मुंबईच्या जिल्हा लीगच्या मैदानांवर तर झेंडा आणि शिट्टी एवढंच. तिथे उशिरा झेंडा दाखवायची टीव्हीवरची नक्कल करू नका, तिला काही अर्थ नाही. थांबायचं ते फक्त एवढ्यासाठी की पुढे असलेला खेळाडू चेंडू खेळतो का, की मागून आलेला ऑनसाइड गडी खेळतो, ते कळावं. एक-दोन सेकंद पुरतात.

लाइन सांभाळणाऱ्याने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं. चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या रेषेत. थोडं अंतर असेल तर तोंड मैदानाकडे ठेवून बाजूला पावलं टाकत सरकायचं, मोठं अंतर असेल तेव्हाच वळून पळायचं. चेंडू बघत बसणं ही नवख्याची सर्वांत मोठी चूक. पास मारणारा पाय मागे खेचतो तेव्हाच नजर रेषेवर आणायची आणि लाथेच्या आवाजावर मनात चित्र पक्कं करायचं. स्टँड भरलेला असला की आवाज पोहोचत नाही, तेव्हा मारणारा नजरेच्या कडेला राहील असं उभं राहावं लागतं. झेंडा आधी सरळ वर. शिट्टी वाजल्यावर जागा दाखवायची: पलीकडच्या बाजूला झेंडा ४५ अंश वर, मध्यभागी आडवा, आपल्या बाजूला ४५ अंश खाली. पंचाने झेंडा पाहून 'खेळू द्या' अशी खूण केली तर मुकाट्याने खाली घ्यायचा. हट्टाने धरून उभं राहिलं की स्टँडमधून चपला यायची तयारी ठेवायची.

खेळणाऱ्यांसाठी थोडं. स्ट्रायकर ऑफसाइड होतो तो बहुतेक वेळा सरळ धावल्यामुळे. गोलरेषेकडे सरळ निघालात तर पास देणारा अर्धा सेकंद उशिरा मारतो आणि तुम्ही तीन-चार मीटर बाहेर. बचावपटूंच्या रेषेला समांतर, आडवं धावायला सुरुवात करा आणि पास देणाऱ्याने मान खाली घातली की वळा. वेगही मिळतो आणि रेषाही नजरेत राहते. पास उशिरा आला तर आडवं धावणं लांबवता येतं, सरळ धावणं लांबवता येत नाही.

बचावाच्या सापळ्याची पूर्वअट एकच: चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दबाव हवा. त्याची पाठ गोलकडे असेल, त्याचा पहिला स्पर्श लांब गेला असेल किंवा त्याने मागे पास दिला असेल, तर सगळ्यांनी एकदम चार-पाच पावलं पुढे. तो मोकळा आहे, मान वर आहे, तर पुढे यायचं नाही, मागे सरकायचं. २६ ऑक्टोबर २०२४ला बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर १२ वेळा ऑफसाइड पकडलं, त्यांतला ८ वेळा एकटा एम्बापे, आणि सामना ४-० जिंकला. पाहणाऱ्यांना मागची रेषा दिसली, पण ती चालली पुढच्या सहा जणांनी पास देणाऱ्याला मान वर करू दिली नाही म्हणून. आपल्याकडची पोरं रेषा तेवढी उचलतात आणि दबाव विसरतात, मग एका लांब पासमध्ये मागे मोकळं रान.

सापळा फसतो तो जवळजवळ नेहमी चेंडूपासून सर्वांत लांबच्या फुलबॅकमुळे, म्हणजे कडेच्या बचावपटूमुळे. तो चेंडू बघत उभा राहतो, दोन पावलं मागे राहतो आणि सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. सरावात चार बचावपटू, पुढे तीन आक्रमक आणि वीस मीटर मागे एक पास देणारा घ्या. पेनल्टी क्षेत्राच्या रुंदीएवढी जागा पुरते. पास देणाऱ्यावर कधी एक गडी सोडा, कधी सोडू नका, आणि आधी सांगू नका. 'पुढे' ही हाक मधल्या बचावपटूने द्यायची, गोलकीपरने नाही. त्याला मागून रेषा दिसते पण चेंडूवरचा दबाव नीट दिसत नाही. गोलकीपरने रेषेच्या मागे वीस-पंचवीस मीटरवर राहून लांब पास झाडायची तयारी ठेवायची. आणि लांबच्या फुलबॅकला दर वेळी एकच विचारा: मधला बचावपटू तुझ्या खांद्याच्या रेषेत दिसतोय का?